जनरल लिहितो, राष्ट्राध्यक्ष गप्प राहतो

युलिसिस ग्रँट हा अमेरिकेचा अठरावा राष्ट्राध्यक्ष. १८६९ ते १८७७ अशी सलग आठ वर्षं त्याने व्हाइट हाउसमध्ये काढली. त्याचं आत्मचरित्र दोन खंडांचं आहे, बाराशेहून जास्त पानांचं. आणि या बाराशे पानांत ती आठ वर्षं नाहीत. बालपण आहे, लष्करी शाळा आहे, मेक्सिकोचं युद्ध आहे, मग यादवी युद्ध अगदी नद्या-नाले-पुलांसकट आहे. १८६५ मध्ये युद्ध संपतं, वॉशिंग्टनच्या रस्त्यावरून विजयी फौजा संचलन करत जातात, एक छोटासा समारोप येतो आणि पुस्तक मिटतं.

(मुंबईकरांसाठी: ग्रँट रोड स्टेशनशी या ग्रँटचा काहीही संबंध नाही. तो रॉबर्ट ग्रँट, मुंबईचा गव्हर्नर. आपला ग्रँट पन्नास डॉलरच्या नोटेवर असतो, दाढी राखलेला, जरा दमलेला.)

आत्मचरित्रात माणूस काय गाळतो हे बघायची आपल्याला सवय असते. पण इथे गाळलेली गोष्ट एखादं प्रेमप्रकरण किंवा भावकीचं भांडण नाही, देशातलं सर्वोच्च पद आहे. तरीही हे पुस्तक अमेरिकन गद्यातल्या उत्तम पुस्तकांत गणलं जातं. मार्क ट्वेनने त्याची तुलना ज्युलियस सीझरच्या युद्धवृत्तांताशी केली. ट्वेन प्रकाशकच होता, तेव्हा त्याचं सोडा. पण मॅथ्यू अरनॉल्डसारख्या नाक मुरडणाऱ्या इंग्रज समीक्षकाने व्याकरणाच्या चुका काढत काढत का होईना, या गद्याची ताकद मान्य केली. (त्या व्याकरणाच्या चुकांवरून ट्वेन इतका भडकला की त्याने जाहीर भाषणात अरनॉल्डला झोडपलं.) पुढे गर्ट्रूड स्टाइनला ग्रँट आवडला, आणि एडमंड विल्सनने १९६२ मध्ये यादवी युद्धाच्या साहित्यावर मोठा ग्रंथ लिहिला तेव्हा त्यात या आत्मचरित्राला मानाची जागा दिली.

माझ्या मते ही स्तुती खरी आहे. पुस्तक थोरच आहे. पण ज्या गुणामुळे ते थोर आहे, त्याच गुणाच्या आड त्यातली चुप्पी लपते, आणि हे सहसा कोणी म्हणत नाही.

आधी पुस्तक कसं लिहिलं गेलं ते. ही गोष्ट इतकी नाट्यमय आहे की ती वाचूनच अनेक जण पुस्तक वाचल्याचं समाधान मानतात. व्हाइट हाउस सोडल्यावर ग्रँट दोन वर्षं जगभर फिरला, मग न्यूयॉर्कमध्ये स्थिरावला. मुलाच्या ओळखीतून फर्डिनंड वॉर्ड नावाचा एक तरुण भेटला, वॉल स्ट्रीटवरचा हुशार समजला जाणारा. ‘ग्रँट अँड वॉर्ड’ नावाची पेढी उभी राहिली. वॉर्ड एकाचे पैसे दुसऱ्याला नफा म्हणून वाटत होता. आपल्याकडे दर दोन-चार वर्षांनी जी ‘दामदुप्पट’ फुटते, तोच प्रकार. मे १८८४ मध्ये पेढी बुडाली. त्याच्या दोनच दिवस आधी वॉर्डच्या सांगण्यावरून ग्रँटने विल्यम व्हँडरबिल्टकडून दीड लाख डॉलर उसने आणून त्याच्या हातात ठेवले होते. तेही गेले. राष्ट्राध्यक्षांना तेव्हा पेन्शन नव्हती, आणि राष्ट्राध्यक्ष होण्यासाठी लष्करातलं पद सोडल्यामुळे तिथलीही सोय संपली होती. घरात रोजच्या खर्चाला पैसे नाहीत अशी अवस्था आली.

त्याच उन्हाळ्यात एक पीच खाताना त्याच्या घशात कळ आली. ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांनी निदान केलं, घशाचा कॅन्सर. हा माणूस दिवसाला डझनावारी सिगार ओढणारा.

‘सेंच्युरी’ नावाचं मासिक यादवी युद्धावर लेखमाला छापत होतं. लेखाला पाचशे डॉलर. ग्रँटने शायलोच्या लढाईवर पहिला लेख लिहून दिला, तो सरकारी अहवालासारखा कोरडा ठणठणीत. संपादक रॉबर्ट जॉन्सन घरी आला. लेख पडला आहे असं तोंडावर न सांगता त्याने गप्पा सुरू केल्या, आणि गप्पांत ग्रँट त्या लढाईबद्दल असं काही बोलला की जॉन्सनने सांगितलं, हेच लिहा. संपादकाचं काम काय असतं याचं याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही. बासष्ट वर्षांच्या माणसाला तिथे आपला आवाज सापडला. मग पुस्तकाचा विचार सुरू झाला. ‘सेंच्युरी’वाले दहा टक्के मानधन देत होते. ट्वेन मध्ये पडला आणि त्याने निव्वळ नफ्यातला सत्तर टक्के वाटा देऊ केला. फेब्रुवारी १८८५ मध्ये करार झाला. पुढचे पाच महिने ग्रँट लिहीत होता. आधी सांगून लिहवून घ्यायचा, आवाज गेल्यावर स्वतःच्या हाताने, पेन्सिलीने. जूनमध्ये त्याला माउंट मॅकग्रेगर नावाच्या डोंगरावरच्या एका कॉटेजमध्ये हलवलं. २३ जुलैला तो गेला. मजकूर त्याआधी काही दिवसच पुरा झाला होता.

बोलता येत नसल्यामुळे तो डॉक्टरांना चिठ्ठ्या लिहायचा. त्यातली एक प्रसिद्ध आहे. तिच्यात तो म्हणतो की आपण बहुधा सर्वनाम नसून क्रियापद आहोत. क्रियापद असणं दाखवतं, करणं दाखवतं, सोसणं दाखवतं, आणि आपण तिन्ही दाखवतो. मरायला टेकलेला माणूस व्याकरणाची थट्टा करतोय हे तर आहेच. पण ग्रँटच्या शैलीवर आजवर जे काही लिहिलं गेलं, त्यात या चिठ्ठीइतकं नेमकं मला काही वाटत नाही. त्याचं गद्य खरोखरच क्रियापदांवर चालतं. विशेषणं जवळजवळ नाहीत. ‘मी’ आहे, पण तो कुठेतरी जाण्यासाठी, काहीतरी बघण्यासाठी, हुकूम देण्यासाठी आहे. मिरवण्यासाठी नाही.

शायलोचं उदाहरण घेऊ. एप्रिल १८६२, टेनेसी नदीचा काठ. पहिल्या दिवशी ग्रँटच्या फौजेला सपाटून मार बसला. रात्री धो धो पाऊस. काही दिवसांपूर्वी घोडा अंगावर पडून त्याचा घोटा सुजलेला. तो एका झाडाखाली झोपायचा प्रयत्न करतो. जमत नाही. मध्यरात्रीनंतर उठून लाकडी ओंडक्यांच्या एका घरात जातो, तर तिथे जखमींचं इस्पितळ झालेलं असतं. हात-पाय कापले जात असतात. ते दृश्य त्याला शत्रूच्या गोळीबारापेक्षा असह्य वाटतं, आणि तो पुन्हा पावसात, झाडाखाली येऊन बसतो. बस, एवढंच. ‘कसाई’ म्हणून ज्याला वर्तमानपत्रांनी हिणवलं तो माणूस स्वतःच्या बाजूने एक शब्द बोलत नाही. मी हळवा आहे असं सांगत नाही. तो फक्त उठतो, जातो, बघतो, परत येतो. चार क्रियापदं. दुसऱ्या कुठल्याही लेखकाने इथे निदान एक परिच्छेद आत्मचिंतन केलं असतं.

किंवा लहानपणीची घोड्याची गोष्ट. आठेक वर्षांच्या ग्रँटला शेजारच्या रॅल्स्टनकडचं शिंगरू हवं असतं. रॅल्स्टन पंचवीस डॉलर मागतो, वडील वीसच द्यायला तयार. पोरगा हट्ट करतो तेव्हा वडील समजावतात: आधी वीस सांग, नाही म्हणाला तर साडेबावीस, तरीही नाही म्हणाला तर पंचवीस. पोरगा रॅल्स्टनकडे जातो आणि हे सगळंच्या सगळं त्याला सांगून टाकतो. किती डॉलरला सौदा झाला हे सांगायला नको. ही गोष्ट गावभर झाली, पोरांनी त्याला छळ छळ छळलं. पुढे वॉर्डच्या हातात दीड लाख देणारा माणूस हाच, हे वाचकाच्या मनात येतंच. ग्रँटने लिहिताना ते मनात धरलं असेल का? धरलं असलं तरी तो बोलत नाही. ती पेढी बुडाल्याची कथाही त्याने पुस्तकात रंगवलेली नाही.

मला सगळ्यात आवडतो तो प्रसंग १८६१ चा, मिसुरीतला. युद्धाची सुरुवात, ग्रँट कर्नल झालेला, पहिल्यांदाच स्वतःच्या जबाबदारीवर शत्रूच्या तळावर चाल करून निघालेला. समोर कर्नल हॅरिसची तुकडी. टेकडी चढताना त्याचं काळीज वर वर सरकत घशाशी येतं. परत फिरावंसं वाटतं, पण थांबा म्हणायचीही हिंमत नसते, म्हणून तो पुढे जात राहतो. माथ्यावर पोचतो तर खाली तळ रिकामा. हॅरिस पळून गेलेला. तेव्हा ग्रँटच्या लक्षात येतं की आपण त्याला जितके घाबरत होतो तितकाच तोही आपल्याला घाबरत होता, आणि हा धडा तो पुढे कधी विसरला नाही. शौर्यावर हजारो पानं लिहिली गेली आहेत. ‘थांबा म्हणायचीही हिंमत नव्हती म्हणून पुढे गेलो’ हे सांगणारं लष्करी आत्मचरित्र मात्र विरळा. गंमत म्हणजे हॅरिसचा तळ होता फ्लॉरिडा नावाच्या छोट्या गावाजवळ, आणि ते मार्क ट्वेनचं जन्मगाव. ट्वेन स्वतः त्या उन्हाळ्यात दोन आठवडे दक्षिणेच्या बाजूने हौशी सैनिक होऊन फिरला आणि पळाला. आपण ग्रँटलाच घाबरून पळालो अशी बढाई त्याने नंतर मारली, पण त्यात तथ्यापेक्षा ट्वेनच जास्त आहे.

शेवटी अपोमॅटॉक्स. ९ एप्रिल १८६५. जनरल ली नव्याकोऱ्या गणवेशात, कमरेला भारी तलवार. ग्रँट चिखलाने माखलेल्या साध्या सैनिकाच्या डगल्यात. आदल्या रात्रीपासून त्याचं डोकं दुखत होतं. लीचं पत्र आल्याबरोबर थांबलं. दोघं मेक्सिकोच्या युद्धातल्या जुन्या आठवणी काढत बसतात, इतके की लीलाच आठवण करून द्यावी लागते की आपण शरणागतीसाठी जमलोय. मग ग्रँट अटी लिहायला बसतो, आणि आत्मचरित्रात कबूल करतो की कागदाला पेन लावलं तेव्हा पहिला शब्द कुठला येणार हेही त्याला माहीत नव्हतं. मनात काय आहे एवढंच माहीत होतं. सैनिकांनी घरी जावं. अधिकाऱ्यांनी आपली शस्त्रं, घोडे ठेवावेत. आणि साध्या शिपायांनीही आपापली जनावरं न्यावीत, कारण पेरणीचे दिवस आहेत. सफरचंदाच्या झाडाखाली शरणागती झाली, लीने तलवार काढून दिली आणि ग्रँटने ती परत केली, या दंतकथा तेव्हाच सुरू झाल्या होत्या. ग्रँट दोन्ही शांतपणे खोडून काढतो. स्वतःचाच मोठेपणा वाढवणारी दंतकथा मोडणारा लेखक दिसला की वाचक त्याच्यावर विश्वास टाकतो. मीही टाकला.

आणि नेमकं इथेच सावध व्हायला हवं. साधी भाषा म्हणजे खरी भाषा असं आपण नकळत धरून चालतो. अलंकार दिसले की संशय येतो, छोटी वाक्यं दिसली की माणूस प्रामाणिक वाटतो. पण अलंकारिक लेखकाला एखादी गोष्ट टाळायची असेल तर वळसा घालावा लागतो, आणि वळसा दिसतो. साधं लिहिणारा फक्त पुढच्या वाक्यावर जातो. आवाज होत नाही.

१८५४ मध्ये ग्रँटने कॅलिफोर्नियातून लष्कराचा राजीनामा दिला. दारूमुळे द्यावा लागला अशी कुजबुज त्याला आयुष्यभर चिकटली. पुस्तकात? कुटुंब पूर्वेकडे होतं, पगारात भागत नव्हतं, राजीनामा दिला. पुढची वाक्यं मिसुरीच्या शेतावर. तिथली पाच-सहा वर्षं, म्हणजे सेंट लुइसच्या रस्त्यावर सरपण विकणं, हिवतापाने अंथरूण धरणं, शेवटी वडिलांच्या चामड्याच्या दुकानात कारकुनी, पान-दीड पानात उरकतात. १८५७ च्या नाताळात त्याने सोन्याचं घड्याळ बावीस डॉलरला गहाण टाकलं होतं, ते त्यात नाही. ते मी समजू शकतो, लाज वाटली असेल. पण आणखी एक गोष्ट नाही. त्या काळात ग्रँटच्या मालकीचा एक गुलाम होता, विल्यम जोन्स. सासरे गुलाम बाळगणारे, त्यांच्याकडून आलेला. मार्च १८५९ मध्ये, स्वतःची चूल पेटायची मारामार असताना, ग्रँटने त्याला विकलं नाही, कोर्टात जाऊन मुक्त केलं. ही गोष्ट सांगितली असती तर ग्रँटचीच शोभा वाढली असती. पण ती सांगायची तर आधी हे सांगावं लागलं असतं की त्याच्याकडे गुलाम होता.

तसाच १८६२ मधला हुकूम क्रमांक ११. कापसाच्या काळ्या बाजाराला आळा घालायचा म्हणून ग्रँटने आपल्या ताब्यातल्या प्रदेशातून सरसकट सगळ्या ज्यूंना बाहेर काढण्याचा हुकूम काढला. लिंकनने तो काही आठवड्यांत रद्द करायला लावला. ग्रँटला त्याची पुढे लाज वाटत राहिली, राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्याने ज्यू नागरिकांना महत्त्वाची पदंही दिली. पुस्तकात या हुकमाचा उल्लेख नाही. दुसरीकडे १८६४ च्या कोल्ड हार्बरच्या शेवटच्या हल्ल्याबद्दल, ज्यात हजारो माणसं थोड्या वेळात पडली, तो सरळ लिहितो की आपल्याला त्याचा कायम पश्चात्ताप झाला. म्हणजे त्याला चूक कबूल करता येत नव्हती असं नाही. रणांगणावरची चूक येत होती. रणांगणाबाहेरची येत नव्हती.

आता ती आठ वर्षं.

राष्ट्राध्यक्ष ग्रँट म्हटलं की अभ्यासाच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं दोनच गोष्टी यायच्या: दारू आणि घोटाळे. घोटाळे होतेच. मद्यावरचा कर बुडवणारी ‘व्हिस्की रिंग’ १८७५ मध्ये उघडी पडली, आणि आरोप ग्रँटचा खास सचिव ऑर्व्हिल बॅबकॉकपर्यंत गेले. ग्रँटने त्याच्या बाजूने साक्ष दिली, तो सुटला. हा बॅबकॉक आत्मचरित्रात आहे! अपोमॅटॉक्सच्या सकाळी, झाडाला टेकून बसलेल्या लीला जो अधिकारी भेटतो तो हाच. तिथे तो नुसता कर्तव्यदक्ष अधिकारी आहे. पुढचं ठाऊक असलेल्या वाचकाला त्या पानावर जरा विचित्रच वाटतं, एखाद्या लग्नाच्या अल्बममध्ये नंतर तुरुंगात गेलेले काका हसताना दिसावेत तसं.

पण घोटाळ्यांपेक्षा मोठी गोष्ट वेगळी होती. युद्ध संपल्यावर चाळीस लाख माणसं गुलामीतून बाहेर आली होती. त्यांचं पुढे काय करायचं हा त्या काळाचा खरा प्रश्न. १८७० मध्ये, ग्रँटच्या कारकिर्दीत, पंधरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली आणि कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा हक्क मिळाला. दक्षिणेत कु क्लक्स क्लॅन मतदारांना फटके मारत होती, घरं जाळत होती, खून करत होती. त्याच वर्षी केंद्राचं न्याय खातं स्थापन झालं, १८७१ मध्ये क्लॅनविरोधी कायदा झाला. ऑक्टोबरमध्ये ग्रँटने साउथ कॅरोलायनाच्या नऊ काउंट्यांत हेबियस कॉर्पसचा अधिकार स्थगित करून शेकडो लोकांना अटक केली. खटले चालवणारा अॅटर्नी जनरल एमॉस अॅकरमन स्वतः एकेकाळी दक्षिणेच्या बाजूने लढलेला होता. क्लॅन त्या काळापुरती तरी मोडली. अमेरिकन सरकारने कृष्णवर्णीय नागरिकांसाठी इतक्या कडकपणे पुन्हा हात उचलायला पुढे जवळजवळ शतक जावं लागलं. आणि त्याच वर्षाच्या अखेरीला ग्रँटने अॅकरमनचा राजीनामा मागून घेतला.

१८७३ मध्ये आर्थिक मंदी आली. उत्तरेतल्या मतदारांना दक्षिणेचा कंटाळा आला. त्याच वर्षी १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी निवडणुकीच्या वादातून गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने कोर्टाच्या इमारतीत आसरा घेतलेल्या कृष्णवर्णीयांची कत्तल केली. अनेकांना शरण आल्यावर मारलं. मृतांचा आकडा साठपासून दीडशेपर्यंत सांगितला जातो. ज्या थोड्यांवर खटला चालला त्यांनाही १८७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सोडलं; असे गुन्हे राज्यांनी बघावेत, केंद्राने नव्हे, असा त्या निकालाचा अर्थ. त्याआधी १८७५ मध्ये मिसिसिपीच्या गव्हर्नरने निवडणुकीतली हिंसा रोखायला फौज मागितली, आणि ग्रँटच्या सरकारने दिली नाही.

हे सगळं त्याच माणसाच्या हातून झालं ज्याच्या आत्मचरित्रात प्रत्येक हुकमाचं कारण असतं. व्हिक्सबर्गला अमुक दिवशी अमुक वाटेने का गेलो हे तो पाच पानं सांगतो. मिसिसिपीला फौज का पाठवली नाही याचं एक वाक्य नाही.

१८७३ हे साल मराठी वाचकाला वेगळ्या कारणाने माहीत आहे. त्या वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, निग्रोंना गुलामीतून मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल, स्वार्थत्यागाबद्दल. ती अर्पणपत्रिका आपण शाळेपासून ऐकतो. पण ती छापली गेली तेव्हा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष कोण होता हे आपल्याला सहसा कोणी सांगत नाही, आणि कोलफॅक्सही त्याच वर्षातलं, हे तर नाहीच. फुल्यांची चूक झाली असं मी म्हणत नाहीये. त्यांनी नेमकी योग्य गोष्ट हेरली होती: कायद्याने गुलामी संपवता येते, आणि तसं एका देशात घडलं आहे. त्यांची आशा आपल्या लोकांनीही तो कित्ता गिरवावा अशी होती. पण कित्ता ज्यांनी लिहिला ते त्याच सुमाराला तो खोडायला लागले होते.

आणि ग्रँट इथे आलाही होता. जगप्रवासात, फेब्रुवारी १८७९ मध्ये तो मुंबईत उतरला, मलबार पॉइंटच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये राहिला. गव्हर्नर होते रिचर्ड टेंपल. दख्खनमधला मोठा दुष्काळ नुकताच सरला होता, आणि त्याच महिन्यात वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड सुरू झालं. मलबार पॉइंटवरच्या मेजवान्यांत यातलं काय पोचलं असेल याची कल्पनाच केलेली बरी. गुलामी मोडणाऱ्या फौजेचा सेनापती साम्राज्याच्या पाहुणचारात, आणि त्याच्या देशवासीयांना पुस्तक अर्पण करणारा लेखक पुण्यात. हा प्रवासही आत्मचरित्रात नाही, कारण तोही १८६५ नंतरचा.

ही आठ वर्षं का नाहीत? सरळ उत्तर आहे: वेळ नव्हता. माणूस मरत होता, त्याने युद्धाचंच पुस्तक लिहायला घेतलं होतं, बायकोसाठी पैसे ठेवायचे होते. त्यात तो कमालीचा यशस्वी झाला. तीन लाखांवर संच विकले गेले, आणि ज्युलिया ग्रँटच्या हातात पडलेला पहिलाच चेक दोन लाख डॉलरचा होता. ट्वेनने विक्रेते दारोदार पाठवले, त्यांत कितीतरी जुने सैनिक होते. दारात उभ्या सैनिकाकडून लोक लढाया विकत घेणार होते, व्हिस्की रिंग नव्हे. हे सगळं मान्य. कॅन्सर झालेल्या माणसाला तू आणखी चारशे पानं का लिहिली नाहीस असं विचारणारा समीक्षक निर्दय म्हणावा लागेल.

तरीही पुस्तकाची शेवटची पानं बघा, कारण तिथे तो १८६५ च्या पलीकडे डोकावतोच. समारोपात तो स्पष्ट म्हणतो की युद्धाचं कारण गुलामी होतं. हे वाक्य आज साधं वाटतं. तेव्हा नव्हतं. दक्षिणेचा पराभूत राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिस याचे दोन जाडजूड खंड १८८१ मध्येच येऊन गेले होते, आणि युद्ध गुलामीसाठी नव्हे, राज्यांच्या हक्कांसाठी झालं हा सूर तिकडे जोरात होता. ग्रँट त्यावर वाद घालत नाही, फक्त विधान करतो. इथे त्याचा साधेपणा तलवारीसारखा चालतो. त्याच समारोपात तो म्हणतो की कृष्णवर्णीय माणूस या देशात स्वतःहून आलेला नाही, त्याला बळाने आणलं, तेव्हा इथे राहण्याचा त्याचा हक्क इतर कोणाइतकाच आहे. आणि लगेच त्याला राष्ट्राध्यक्षपद आठवतं. कशासाठी? तर सँटो डोमिंगो बेट अमेरिकेला जोडून घ्यायची आपली फसलेली योजना सांगण्यासाठी. कृष्णवर्णीयांना तिथे जाऊन राहता आलं असतं असा त्याचा हिशोब. आठ वर्षांतून त्याला सांगण्याजोगं सापडलं ते हे. क्लॅन मोडली ते नाही. थोडं आधी मताच्या हक्काबद्दल लिहितानाही सूर असा, की अँड्र्यू जॉन्सनच्या धोरणामुळे तो द्यावा लागला, नाहीतर आधी काही काळ उमेदवारीचा गेला असता. ज्या हक्कासाठी त्याने स्वतः फौज पाठवली त्याच्याबद्दल तो असा संकोचून बोलतो, जणू ते दुसऱ्याच कोणी केलं.

मला वाटतं याचं उत्तर वेळेत नाही, गद्यात आहे. ग्रँटला गोष्ट सांगता येते ती अशी: मनात काय आहे ते माहीत, हुकूम लिहिला, माणसं निघाली, निकाल लागला. अपोमॅटॉक्सला पहिला शब्द सापडला नाही तरी पुढचं सापडलं, कारण निकाल लागलेला होता. दक्षिणेच्या पुनर्बांधणीत निकाल लागत नव्हता. हुकूम दिला तर सुप्रीम कोर्ट सोडून देत होतं, फौज पाठवली तर उत्तरेतली वर्तमानपत्रं ओरडत होती, नाही पाठवली तर माणसं मरत होती. असणं, करणं आणि सोसणं यांतलं तिसरं क्रियापद तिथे फार होतं, आणि सोसणारी माणसं दुसरी होती. त्यासाठी त्याला वेगळं वाक्य लागलं असतं, जे कर्त्यापासून सुरू होऊन कर्मावर सुखरूप पोचत नाही. ते त्याच्याकडे नव्हतं.

ही चुप्पी महाग पडली. ग्रँटने जे लिहिलं नाही ते इतरांनी लिहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलंबिया विद्यापीठातल्या विल्यम डनिंग आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी त्या काळाचा जो इतिहास रचला, त्यात कृष्णवर्णीयांना मत देणं हीच घोडचूक होती आणि ग्रँट हा भ्रष्टांचा भोळा म्होरक्या. १९३५ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइसने मोठा ग्रंथ लिहून त्याला उत्तर दिलं, तरी पाठ्यपुस्तकं बदलायला आणखी काही दशकं गेली. ग्रँटचं स्वतःचं पुस्तक या वादात साक्षीला उभंच राहू शकलं नाही. अपोमॅटॉक्सचं मन मोठं, एवढंच त्यातून उचललं जात राहिलं, आणि ते उचलायला दक्षिणेतल्या लोकांचीही हरकत नव्हती.

हे पुस्तक आज फोनवर फुकट वाचता येतं, कॉपीराइट कधीच संपला. पहिला खंड जरूर वाचा. दुसऱ्यात फौजांच्या हालचाली फार आहेत, नकाशा जवळ नसेल तर दम लागतो, पण शेवटची शंभरेक पानं सोडू नका. आणि वाचून झाल्यावर कोलफॅक्सच्या त्या कोर्टाजवळ राज्य सरकारने १९५० च्या सुमारास उभारलेल्या फलकाचा फोटो शोधा. त्यावर त्या ईस्टरच्या रविवारी झालेल्या प्रकाराला कत्तल म्हटलेलं नाही, दंगल म्हटलं आहे, आणि तिने दक्षिणेतल्या उपऱ्यांच्या बेबंद कारभाराचा शेवट केला असं समाधानाने नोंदवलं आहे. त्या फलकाचं गद्यही अगदी साधं आहे. छोटी वाक्यं, आकडे, तारीख. तो सत्तर वर्षं तिथे उभा होता. २०२१ मध्ये काढला.